जहाजावर आई कोण?

मोठ्या जहाजावर लहान मुलांसाठी काय काय असतं, हे मला कुणीही विचारावं. मी पाठ म्हणून दाखवीन. सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याची घसरगुंडी असते. निळ्या नळीतून वळणं घेत पोर किंचाळत खाली येतं आणि धप्पकन पाण्यात पडतं. शेजारी उथळ तलाव असतो, त्याच्या मधोमध एक छत्री, आणि छत्रीतून सगळीकडून पाणी गळत असतं. कमरेला दोर बांधून चढायची भिंत असते. आइस्क्रीमचं यंत्र असतं, खटका दाबला की कोन भरतो आणि पुन्हा दाबला तरी कुणी हात धरत नाही. जादूचे प्रयोग असतात, पोरांचा वेगळा डिस्को असतो, पीठ मळून स्वतःचा पिझ्झा स्वतः करायचा वर्ग असतो. आणि काचेच्या दारामागे 'किड्स क्लब' नावाची भली मोठी खोली असते, जिथे आईबापांनी पोर सोडायचं आणि मोकळं व्हायचं. हे सगळं मला इतकं बारकाईने माहीत आहे, कारण त्यातलं बरंचसं मी काचेबाहेर उभी राहून पाहिलं आहे. आत माझी मुलगी होती आणि ती माझ्या हातात द्यायला ते लोक तयार नव्हते.

माझी मुलगी म्हणते तेव्हा ती माझीच. पोटची नव्हे, ओटीतली. आमच्या तापीकाठच्या घरांत ही रीत तेव्हाही होती आणि आजही कुठे कुठे आहे. एका सुनेला मूल झालं नाही आणि दुसरीला दुसरं झालं, तर ते बारशाच्या दिवशी पहिलीच्या ओटीत घालतात. आधी खण, नारळ, गहू, आणि मग त्यावर मूल. वकील नाही, कोर्ट नाही, कागद नाही. गल्लीतल्या बाया साक्षीला बसल्या की झालं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, जळगावचे आणि इंदूरचे डॉक्टर करून झाले होते. धाकट्या जावेला पहिला मुलगा होता, त्याच्या पाठीवर ही झाली. सासऱ्यांनी बैठकीत ठरवलं, दिरांनी मान डोलावली आणि बाराव्या दिवशी ते इवलंसं गाठोडं माझ्या पदरात आलं. पहिले काही महिने धाकटीने पाजलं, पण पाजून झालं की मूल माझ्याकडे. तिचं आजारपण, तिची वेणी, तिचे पाढे, तिचे हट्ट, सगळं माझ्याकडे. ती मला आई म्हणायची आणि धाकटीला काकू. हे काही गुपित नव्हतं. तिला स्वतःलाही ठाऊक होतं. "काकूने मला जन्म दिला, मग मी आईकडे आले," असं ती शेजारीपाजारी खणखणीत सांगायची, जसं कुणी सांगावं की आधी आम्ही दुसऱ्या गल्लीत राहायचो.

धाकटी जवळच्या फोपनार गावची. अबोल आणि कामाला वाघ. तिने दिलं ते दिलं. पोरीला कधी रागावली नाही, कधी जवळ घेतलं नाही, कधी परीक्षेचे गुण विचारले नाहीत. दिलेल्या मुलावर हक्क सांगायचा नसतो, असा तिच्या माहेरचा दंडक. मला तिचं फार कौतुक वाटायचं. बाई मनाची मोठी आहे, असं मी हळदीकुंकवाला चारचौघींत सांगायचे आणि तीही तिथेच खाली मान घालून बसलेली असायची.

जन्माच्या दाखल्यावर अर्थात आई म्हणून धाकटीचंच नाव होतं आणि तिथून ते आधारवर आणि शाळेत गेलं. पण मध्य प्रदेशातल्या आमच्या बऱ्हाणपुरात त्यामुळे काहीही अडलं नाही. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवायचे. मुलीच्या बाई तक्रार घेऊन माझ्याकडेच यायच्या. डॉक्टर मलाच झापायचे. सगळ्या गावाला जे माहीत आहे ते कागदावर कशाला आणायचं, असं आम्हां सगळ्यांनाच वाटायचं. ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी. गावाबाहेरही जग असतं आणि ते आपल्या गल्लीतल्या बायांना ओळखत नाही, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

खरं तर त्या वर्षांत आमचं गाव त्या जगाला भराभर जोडलं जात होतं. आमची केळी कंटेनरमध्ये बसून आखाती देशांत जायला लागली होती. पोरं हिंदीत भांडायची, इंग्रजीत कविता म्हणायची आणि मराठीत फक्त जेवायला मागायची. दिरांचा केळीचा व्यापार. शेजारच्या शाहपूरचे त्यांचे दोन दोस्त बायकामुलांना घेऊन मुंबईहून जहाजाची सफर करून आले आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवत गावभर फिरले. झालं, आमचे भाऊजी पेटले.

"वहिनी, फॅमिली क्रूझ आहे. पूरी फॅमिली जायची. तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी मी बघून राहिलो ना."

पूरी फॅमिली म्हणजे ते, धाकटी, त्यांचा मुलगा, आमचे हे, मी आणि माझी लेक. लेक तेव्हा सात वर्षांची होती. तोवर तिने तापीच्या राजघाटावरच्या होडीपेक्षा मोठं काही पाण्यावर तरंगताना पाहिलं नव्हतं. पण त्या व्हिडिओत तिने एक गोष्ट हेरली होती. किड्स क्लबातली मुलं शेवटच्या दिवशी चाचे होतात. डोक्याला काळी टोपी, हातात नकाशा, आणि जहाजभर फिरून खजिना शोधायचा. ज्याला सापडेल त्याला खुद्द कप्तान पदक घालतो. घसरगुंडी नको, आइस्क्रीम नको, हिला खजिना हवा होता. महिनाभर तिने माझा काळा रुमाल एका डोळ्यावर बांधून घरातले सगळे डबे उचकटले. डाळीच्या डब्यात हात घालून "मिल गया!" ओरडायची. मला खोटं बोलायचं नाही, मीही डाळीत बांगड्या लपवून ठेवायचे.

तर आम्ही निघालो. सोबत आमची बऱ्हाणपुरी मिठाई दराबा, शेव आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. बंदरावरच ते सगळं बाहेरचं अन्न म्हणून काढून घेतलं. तिथेच माझं डोकं तापायला सुरुवात झाली. पण दराब्याचं दुःख मी गिळलं.

बुकिंग भाऊजींनी आधारप्रमाणे केलेलं. एका खोलीत ते तिघं आणि माझी लेक, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघं. त्यात काय, लेक माझ्या कुशीतच झोपणार होती. जहाज सुटण्याआधी एक कवायत असते. भोंगा वाजतो, सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून आपापल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं, म्हणजे उद्या काही झालं तर कुणी कुठल्या नावेत बसायचं ते कळावं. मी लेकीचा हात धरून आमच्या जागी गेले. तिथल्या माणसाने तिचं कार्ड बघितलं आणि मान हलवली.

"बच्ची अपने पेरेंट्स के साथ जाएगी."

"मीच ना तिची आई," मी म्हणाले.

"कार्ड में नहीं है, मॅम." आणि त्याने तिला सरळ दुसऱ्या रांगेकडे धाडलं, जिथे धाकटी उभी होती.

म्हणजे जहाज बुडालं तर मी एका नावेत आणि माझी पोर दुसऱ्या नावेत. मी यांना म्हटलं, ऐकलंत का, आपल्याला बुडायचंसुद्धा वेगवेगळं आहे. हे म्हणाले, "अगं, नाटकाची कवायत आहे, दहा मिनिटांत संपेल." यांना कुठलीच गोष्ट मनाला लावून घ्यायची सवय नाही. घरात एकाला तरी असावी म्हणून ती मला आहे.

दुसऱ्या दिवशी जहाज भर समुद्रात गेलं आणि धाकटीला बोट लागली. ती जी आडवी झाली ती उठेना. लिंबू नाकाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भाऊजींनी सकाळी दोन्ही मुलांना क्लबात नेऊन सोडलं, त्यांच्या हातांना रंगीत पट्टे बांधून घेतले आणि स्वतः, पुन्हा सफरीला आलेल्या शाहपूरवाल्या दोस्तांबरोबर, पत्ते कुटायला बसले. जेवायच्या वेळी मुलांना आणायचं होतं. भाऊजींचा पत्ता नाही. मी म्हटलं, त्यात काय, मी आणते.

दारात कमरेइतकी छोटी फळी होती आणि फळीमागे गणवेशातली एक तरुण मुलगी, गळ्यात शिटी. मी लेकीचं नाव सांगितलं. तिने संगणकात पाहिलं.

"आप कौन हैं बच्ची की?"

"माँ."

तिने पुन्हा पाहिलं. पडद्यावर धाकटीचा फोटो होता, आधारवरचा, कुणीही चोर दिसावं तसा.

"मॅम, सिस्टम में मदर ये हैं."

"वो उसकी काकू है."

आता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मॅम, बच्ची हम आपको नहीं दे सकते."

तेवढ्यात आतून माझी लेक धावत आली. पिझ्झाच्या पिठाने हात बरबटलेले. "आई!" म्हणून तिने फळीवरून हात पुढे केले. दुसऱ्या एका ताईने तिला कमरेला धरून मागे ओढलं. हळूच ओढलं, पण ओढलं. शिटीवालीने वाकून तिला विचारलं, "ये कौन हैं, बेटा?"

"आई."

"और मम्मी का पूरा नाम क्या है?"

लेकीने माझं पूर्ण नाव सांगितलं. पदवीसकट सांगितलं, कारण ते घराच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. शिटीवालीने पडद्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. आमचा पुतण्या मदतीला धावला आणि त्याने तर कहरच केला. "दीदी, सुनो ना. मेरी मम्मी वो फोटोवाली है. इसकी मम्मी ये है. और हम दोनों सगे भाई-बहन हैं." बऱ्हाणपुरात हे वाक्य कुणालाही कळलं असतं. तिथे दोन मिनिटांत सुरक्षारक्षक आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, त्यांना अक्षरं शिकवली, शाळा सुटल्यावर कुणाचं पोर कुणाबरोबर जातंय ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि इथे मी पोर पळवणारी ठरले. तेही माझीच पोर. आजूबाजूच्या आया आपापल्या पोरांना जरा जवळ ओढून माझ्याकडे बघत होत्या. मी मराठीत बोलले, हिंदीत बोलले, येईल तेवढं इंग्रजीही बोलून घेतलं. "तुमच्या जाहिरातीत फॅमिली लिहिलंय ना? मग फॅमिली म्हणजे काय ते आधी शिकून या!" रक्षक नम्रपणे म्हणत राहिला, "मॅम, आवाज नीचे." आवाज खाली! मला!

भाऊजी तासाभराने सापडले. हसतच आले. "अरे वहिनी, रूल आहे ना, त्यांचीबी मजबूरी आहे. टेन्शन नका घेऊ." ठसा घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर बोट टेकवलं, मुलांना बाहेर घेतलं आणि लेकीला माझ्याकडे सरकवलं, दुकानातून पार्सल आणून द्यावं तसं. आणि पुन्हा पत्त्यांकडे. ज्या माणसाने त्या पोरीला एक दिवस आंघोळ घातली नाही, त्याचं नुसतं बोट चालतं. माझं अख्खं आयुष्य चालत नाही.

खोलीत आल्यावर लेकीने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडून काढलं. मग म्हणाली, "ती दीदी मला झूठी समजली. मी नाही जाणार तिथे."

मी म्हटलं, नको जाऊ, मरो तो क्लब. जहाजावर दुसरं काय कमी आहे? आणि दुपारभर मी तिला सगळीकडे फिरवलं. निळ्या नळीतून ती चारपाच वेळा घसरली. भिंतीवर अर्धी चढली आणि तिथूनच मला हात हलवला. आइस्क्रीमचा खटका इतका दाबला की कोन तिच्या मनगटावर ओघळला. जादूगाराने एका मुलाच्या कानातून चेंडू काढला तेव्हा ती खुदकन हसलीसुद्धा. पण मला कळत नव्हतं का? मूल मजा करतंय की आपल्याला बरं वाटावं म्हणून मजा करतंय, हे शिक्षिकेला लगेच समजतं. दर थोड्या वेळाने आमच्या समोरून क्लबातली मुलं रांगेने जायची. त्यांची कागदी टोप्या बनवायची तयारी सुरू झाली होती. ती दिसली की हिची मान त्यांच्याबरोबर वळायची.

संध्याकाळी कठड्याशी उभ्या होतो. समुद्राकडे बघत ती अगदी सहज म्हणाली, "आई, मी त्यांना सांगू का, की काकूच माझी मम्मी आहे? खजान्यापुरतं?"

मी तिच्यावर ओरडले. ती दचकली. ओरडायला नको होतं हे कळत होतं, पण आवाज निघून गेला होता. सात वर्षांची पोर एका टोपीसाठी सौदा करत होती आणि सौद्यात मी होते. सौदा तिचा नव्हे, तिला तो करायला लावणारे वेगळे. मी यांच्यापाशी आगपाखड केली. हे म्हणाले, "मग म्हणू दे ना. चार दिवसांनी कोण कुठे." पुरुषांना चार दिवसांनी सगळंच कुठे ना कुठे निघून जातं असं वाटतं. मला ठाऊक होतं, एकदा तिच्या तोंडून तो शब्द निघाला की तो समुद्रात पडणार नाही, आमच्याबरोबर घरी येईल. आणि नाही म्हणाले तर पोर काचेबाहेर, कारण भाऊजींच्या बोटाने दार उघडलं तरी झूठी ठरून आत जायला ती तयार नव्हती. दोन्हीकडून माझ्याच मुलीचं काहीतरी जाणार होतं, आणि ते ठरवणार कोण, तर एक संगणक.

मी पुन्हा त्या फळीपाशी गेले. या वेळी आवाज खाली ठेवून. शिटीवाली म्हणाली, उपाय आहे. पालकांनी लिहून दिलं की या बाईंच्या हाती मुलगी द्यायला आमची परवानगी आहे, तर त्या तिला सोडू शकतात आणि घेऊन जाऊ शकतात. पण दोघांची परवानगी लागते, आई आणि वडील, दोघांनी समोर येऊन. खजिन्याचा खेळ उद्या दुपारी. सकाळच्या आत झालं पाहिजे.

परवानगी! माझ्या मुलीला हात लावायला मला परवानगी! पण टोप्या बनत होत्या. मी गिळलं.

सकाळी मी भाऊजींना पत्त्यांवरून अक्षरशः उठवून आणलं. धाकटीला यांनी हात धरून आणलं. चेहरा पांढराफटक, पदर तोंडाला. मुलं काचेला नाक लावून आत बघत उभी. शिटीवालीने फळीवर एक पाटीसारखा पडदा ठेवला, त्यावर बोटाने सही करायची. भाऊजींनी न वाचताच फर्रकन बोट फिरवलं. "हो गया. चला."

मग तो पडदा धाकटीपुढे सरकला. तिने वाचला. हळूहळू वाचला. आणि मागे सरकली.

"मी नाही करत सही."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "काय म्हणालीस?"

"ताई, इथं मदर लिहिलंय. मी सही केली म्हणजे मी तिची आई आहे असं मी लिहून दिलं. ओटीत घातलेली पोर आहे ती. मी परवानगी देणारी कोण? पाप लागते मले."

बघा, म्हणजे जो कागद मला माझी मुलगी देणार होता, त्यावर ती सही करणार नाही, का, तर मुलगी माझी आहे म्हणून! मी तिला समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. भाऊजी म्हणाले, "अगं, काय तमाशा लावून राहिली, पीछे लाइन लागली आहे." मागे खरंच रांग होती. आतल्या मुलांनी टोप्या घातल्या होत्या. माझी लेक वळून आमच्याकडे बघायला लागली होती.

त्या शिटीवालीला आमच्या बोलण्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने धाकटीच्या गालावरून ओघळणारं पाणी तेवढं पाहिलं असावं. तिने तो पडदा उचलून बाजूला ठेवला, आतून खुर्ची आणली, धाकटीला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर वाकली.

"मॅम, सिर्फ आपसे पूछ रही हूँ. बच्ची हम इनको दें? आपकी मर्ज़ी है? आप ना भी बोल सकती हैं. कोई ज़बरदस्ती नहीं है."

ना भी बोल सकती हैं! माझं रक्त उसळलं. ही कालची पोर, हिला आमचं काय माहीत? धाकटीने नाही म्हणायचा प्रश्न येतोच कुठे? मी तोंड उघडणार, तोच धाकटीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

ती त्या मुलीकडे बघतच राहिली होती. समुद्राने आणलेला सगळा थकवा त्या चेहऱ्यावरून गेला होता. ती मराठीतच म्हणाली, जणू त्या मुलीला कळणारच आहे, "असं इचारतेत?"

मग माझ्याकडे वळली. "ताई, मले हे आजवर कोणीच इचारलं नाही."

"आता हे काय नवीन," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा. पण माझा राग तिच्यावरही होता आणि तो तसाच बाहेर पडला. "नाही विचारलं तर तुला तोंड नव्हतं का? तेव्हा बोलायचं! एवढी वर्षं ब्र काढला नाहीस आणि आज इथे, परक्या लोकांत?"

"कोणाले बोलू?" ती शांतपणे म्हणाली. "बाळंतीण होती मी. बाहेरून निरोप आला, आज ओटी भरायची हाय, पोरीला तयार कर. मी काजळ लावलं न् दिली. तुम्ही पदर पसरून बसल्या होत्या. तुमच्या तोंडाकडं पाहून कोण बोलन?"

तिने पदराने गाल पुसला.

"तेव्हा इचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं, ताई."

आमचे हे दुसरीकडे बघायला लागले. भाऊजी मोबाइल काढून त्यात बघत राहिले, तिथे नेटवर्क नव्हतं तरी. रांगेतल्या बाईने आपल्या मुलाला उचलून कडेवर घेतलं. शिटीवाली तशीच वाकलेली, वाट बघत. तिने पुन्हा विचारलं, "मॅम? हाँ या ना?"

धाकटीने काचेपाशी उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. मी तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं, सरळ आणि पोटभर. मग बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "हाँ. आता देते." पडद्यावर तिने आपलं पूर्ण नाव काढलं, एकेक अक्षर, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. त्या पोरीची आई म्हणून सही करायची तिची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या सहीने ती पोर मला देत होती.

फळी उघडली. लेक आत पळाली. कुणीतरी तिच्या डोक्यावर काळी टोपी ठेवली, आणि तिने मागे वळून माझ्याकडेही पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. दुपारी तिला खजिना सापडला नाही, दुसऱ्याच कुठल्या मुलाला सापडला, पण ती घामाने निथळत, आनंदाने लालबुंद होऊन बाहेर आली. शिटीवालीने माझं नाव वाचलं आणि काही न विचारता तिला माझ्या हातात दिलं.

मी त्या जहाजावर खूप रागावले. कवायतीवर, कार्डावर, पडद्यावर, त्या फळीवर. ते सगळे राग उतरले. त्या खुर्चीपाशी धाकटीचं बोलणं ऐकून आला तो एक उतरला नाही, कारण तो कुणावर काढायचा हेच मला अजून ठरवता येत नाही. सासरे गेले. भाऊजींना काही आठवत नाही. धाकटी आजही तशीच अबोल आहे, आणि मी आता हळदीकुंकवाला तिच्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोलत नाही. माझी लेक मला आई म्हणते, रोज म्हणते. तिला तसं म्हणता यावं म्हणून एका बाईला नाही म्हणायची संधीच दिली गेली नव्हती. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून मी आई झाले.